मातीले गेलो होतो

१२ जानेवारी, सोमवार

संपाच्या नोटिशीवर मतदान घ्यायचं म्हणून बैठक बोलावली. माझ्याच घरी, नागपूरच्या नंदनवन वस्तीत, म्हणजे चहाही माझ्याच गळ्यात. लोक एवढेच की जेमतेम एक सतरंजी भरली. बैठक म्हटली की आमच्या लोकांच्या सासवा आजारी पडतात. युनियनची नोंदणी झाली तेव्हा पेढे खायला मात्र झाडून सगळे हजर होते.

मागणी एकच. डबल ड्यूटीची सक्ती नको. पुठ्ठ्याची खोकी करणारी कंपनी आमची, ती काही रुग्णालय नाही की रात्रीतून खोकी झाली नाहीत तर कोणी मरेल. हे मी तीनदा बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग म्हटलं, हात वर करा. एकट्या दिलीप मेश्रामने केला. आजूबाजूला पाहिलं, खाली घेतला, म्हणाला खाजवून राहिलो होतो. सगळे हसले. मीही हसलो, काय करणार.

पॅकिंगचा गजानन तर दारातच उभा. "सेक्रेटरी, माहं नाव वर नका टाकू, खाली नका टाकू, मधात बी नका टाकू." तो ठेक्यावरचा कामगार, त्याची भीती खोटी नाही. पण आज मला कोणाचीही भीती समजून घ्यायचा कंटाळा आला होता.

कप उचलताना माया म्हणाली, "तुमी लोकायसाठी मरता अन् लोकं तुमच्या इथं चहा पेतेत." लग्नापासून तिचं एकही निदान चुकलेलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. मॅनेजरने गेटवर स्वतः तिळगूळ वाटला. हा नवा मॅनेजर इंदूरचा. 'गोड गोड बोला' एवढं मराठी पाठ करून आला होता. त्याच्या पाठीमागे नोटिसबोर्डावर पुढच्या आठवड्याच्या डबल ड्यूट्या लागलेल्या. दिलीपचं नाव पाहिलं. मॅनेजरला म्हटलं, युनियनशी एकदा बोलायला बसा. म्हणाला, कौनसी युनियन? आणि माझ्या हातावर आणखी एक तिळगूळ ठेवला.

१८ जानेवारी, रवि.

काही नाही. गुडघा. दिवसभर झोपलो.

२२ जानेवारी, गुरुवार

दिलीप गेला.

डबल करून पहाटे कन्हानला घरी पोचला, चहा मागितला आणि भिंतीला टेकून बसला. चहा आणेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्याची बायको सुजाता फोनवर रडत नव्हती, नुसती विचारत होती की भाऊजी, काल कामावर काय झालं होतं, काही लागलं होतं का त्यांना.

ग्रुपवर टाकलं: "दिलीपभाऊ गेले. उद्या सकाळी कन्हानला माती. सगळ्यांनी या." दुसरं काही सुचलं नाही.

मॅनेजरकडे गेलो, म्हटलं उद्या लोक मातीला, म्हणजे अंत्यविधीला, जातील. मान हलवली. ऐकलं की नाही कोण जाणे, फोनवर होता.

२३ जानेवारी, शुक्रवार

सगळे आले. खरंच सगळे. पहिली पाळी, दुसरी पाळी, ठेक्याचे, पर्मनंट, ज्यांना मी दोन वर्षांत एका गेट मीटिंगला आणू शकलो नाही तेसुद्धा. हिंगण्याच्या कंपनीपासून कन्हान म्हणजे अख्खं नागपूर ओलांडायचं. कोणी मोटरसायकलवर तिघं, कोणी टेम्पोत उभे. घाटावर पाहतो तर आमची पूर्ण कं. उभी, मालक तेवढा नव्हता.

भन्तेजींनी त्रिशरण-पंचशील घेतलं. अग्नी दिल्यावर रिवाजाप्रमाणे शोकसभा. दिलीपचे मामा बोलले, वस्तीतले दोघं बोलले, मग मला उभं केलं. काय बोललो ते धड आठवत नाही. दिलीप भला माणूस होता, सात दिवसांत किती वेळा डबल केलं, माणूस म्हणजे मशीन नाही, असं काहीतरी. शेवटी गजाननने मूठ वर केली आणि ओरडला, "दिलीपभाऊ!" सगळे म्हणाले, "अमर रहे!" गजानन! जो माझ्या दारातून आत यायला तयार नव्हता तो.

दुपारी घाटाबाहेरच्या झाडाखाली बसलो सगळे. कोणीतरी म्हणालं, दुसऱ्या पाळीची वेळ झाली. कोणी उठलं नाही. मी घड्याळ पाहिलं आणि काही बोललो नाही. संध्याकाळी पांगलो.

मशीन दिवसभर बंद होती म्हणे.

२४ जाने., शनि.

गेटवर कागद चिकटवलेला. काल 'बेकायदेशीर संप' झाला. पगार कापणार, पुढची कारवाई वेगळी.

लोकांना आधी गंमत वाटली. श्रावण, आमचा उपाध्यक्ष, मोठ्याने म्हणाला, "संप केला असता तं सांगून केला असता ना बावा." मग मॅनेजरने नव्या कायद्याचं पान वाचून दाखवलं. अर्ध्याहून जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली की तो संपच, आणि संप म्हटला की आधी नोटीस लागते. कोणी हसलं नाही मग.

म्हणजे दिलीपने मरायच्या आधी नोटीस द्यायला हवी होती. हे मी मॅनेजरसमोरच बोललो. बोलायला नको होतं.

२८ जाने., बुध.

चार्जशीट माझ्या एकट्याच्या नावाने. सस्पेंड.

इंग्रजीत आहे. मुलीकडून वाचून घेतली. माझा ग्रुपवरचा मेसेज भाषांतर करून टाकला आहे. 'उद्या कन्हानला माती'चं भाषांतर कोणी केलं देवाला ठाऊक, तिथे चक्क 'सॉइल' लिहिलंय. सेक्रेटरीने सर्व कामगारांना मातीसाठी कन्हानला बोलावले. पुढे कंसात, की हा सांकेतिक शब्द असावा. मुलगी हसून हसून पडली. मग तिलाच वाईट वाटलं आणि ती आत गेली.

पुढचं हसण्यासारखं नाही. 'कन्हान येथे सभा घेतली, भाषण केले, घोषणा दिल्या.' शोकसभेतला शोक काढला की नुसती सभा उरते. खोटं एकही अक्षर नाही त्यात. सभा झाली, भाषण मीच केलं, घोषणा दिल्याच. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढला होता श्रद्धांजली म्हणून, तो कं.पर्यंत गेला.

१ फेब्रुवारी, रवि.

वकीलबाईंकडे गेलो, धरमपेठेत. कामगारांच्याच केसेस घेतात, फार बोलत नाहीत. सगळं वाचलं. 'सॉइल'वर हसल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, की चौकशीत सगळ्यांनी एकच गोष्ट सांगायची. दुःखात गेलो, मागणी काही नव्हती, ठरवून काही केलं नाही. "संप हा शब्द तोंडातून काढायचा नाही. संप म्हटलं की संपलं."

म्हटलं, मॅडम, संप करायचा हक्क आहे ना आम्हाला? म्हणाल्या, आहे की.

आहे, पण वापरायचा नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या कपबश्यांसारखा. दोन वर्षं मी लोकांना सांगत आलो की संप हे पाप नाही. आता दारोदार जाऊन सांगायचं की बाबांनो, आपण ते पाप केलं नाही.

४ फेब्रु., बुध.

सस्पेंड माणसाला दिवस फार मोठा असतो. भाजी आणली, घरघरणारा पंखा दुरुस्त केला, पुन्हा तसाच घरघरायला लागला. शेजारचे काका रोज विचारतात, आज पण सुट्टी का गा? आज म्हटलं, हो काका, आता सुट्टीच आहे.

७ फेब्रु., शनि.

सुजाता वहिनी आल्या होत्या, कन्हानहून बस बदलत. त्यांना कोणीतरी सांगितलं की दिलीपच्या मातीपायी माझी नोकरी गेली. माफी मागायला आल्या होत्या. "मले माहीत असतं तं मी घरच्याच माणसायनं उरकून घेतलं असतं."

मला इतकं रडू आलं की मी संडासात जाऊन उभा राहिलो. बाहेर आलो तर माया वहिनींचा हात धरून बसली होती. जेवल्याशिवाय सोडलं नाही त्यांना.

राग येतो तो याचा. पगार कापा, मला काढा, कोर्टात भेटू. पण नवरा गेलेल्या बाईला वाटावं की आपल्या दारात जास्त माणसं आली ही आपली चूक झाली!

१३ फेब्रु., शुक्र.

कं.ने पर्मनंट लोकांना एकेकाला आत बोलावलं. मजकूर तयार आहे. सेक्रेटरीने दिशाभूल केली, यापुढे असं करणार नाही, युनियनशी माझा संबंध नाही. सही केली की कापलेला पगार परत.

संध्याकाळपर्यंत बऱ्याच जणांनी केली. श्रावणने नाही केली, पण आवाजावरून कळतं की करेल. फोनवर म्हणाला, "सेक्रेटरी, राग नको मानजो, पोरायची फी भराची हाये लोकायले." मानला नाही राग. राग मानायलाही अंगात काही लागतं.

१४ फेब्रु., शनि.

सही केलेल्यांपैकी दोघं घरी आले. चहा प्याले. जाताना एक म्हणाला, वर्गणी मात्र देत जाऊ, गुपचूप. गुपचूप युनियन! हसू आलं, पण त्यांच्यासमोर हसलो नाही.

२० फेब्रु., शुक्र.

गजाननला कं. साक्षीदार करणार. व्हिडिओत मूठ वर केलेला तोच दिसतो, म्हणून मानगूट धरायला सोपा. सांगायचं एवढंच, की घोषणा सेक्रेटरीने द्यायला लावली, कामावर जाऊ दिलं नाही. सांगितलं तर पर्मनंट. नाही तर ठेकेदार उद्यापासून गेटच्या आत घेणार नाही.

हे मला त्यानेच सांगितलं. मारुतीच्या देवळापाशी, इकडेतिकडे पाहत. मी म्हटलं, गजानन, तुला जे झेपेल ते सांग, माझा राग नाही. मनापासून म्हटलं का? अर्धंमुर्धं. पर्मनंटची वाट पाहून त्याचे केस पिकले, त्याला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू. फक्त जाताना म्हटलं, तो शब्द तेवढा काढू नको. "कोणता?" संप. "नाही नाही बावा," म्हणाला, जसं काही मी शिवी शिकवली.

२६ फेब्रु., गुरु.

आज चौकशीची पेशी होती. जमेल तसं लिहून ठेवतो.

कं.च्या कॉन्फरन्स रूममध्ये. चौकशी अधिकारी कं.नेच आणलेला एक रिटायर्ड माणूस. कडक वगैरे नाही, उलट सौम्य, सारखा पाणी पीत होता. बाजूला मॅनेजर. गजानन इस्त्रीचा शर्ट घालून आलेला, खुर्चीच्या कडेवर.

अधिकाऱ्याने विचारलं, सेक्रेटरींनी दबाव टाकून नेलं ना तुम्हाला?

"नाही साहेब. माह्या पायानं गेलो."

मॅनेजरने मान वर केली. मला वाटलं घाबरून चुकला, आता सावरेल. अधिकाऱ्यालाही तसंच वाटलं असावं. त्याने पुन्हा विचारलं, कशासाठी गेला?

"मातीले."

माती तर दुपारी आटोपली. मग दुसऱ्या पाळीला का आला नाहीत?

"मन नाही झालं साहेब."

म्हणजे कामावर जायचं नाही असं ठरलं?

"हो. ठरलं."

कोणी ठरवलं? सेक्रेटरींनी?

"त्यायनं तं तोंडच नाही उघडलं. आमीच. सगळ्यायनं."

मी टेबलाखाली त्याला पायाने खुणावलं. पाय मॅनेजरला लागला.

अधिकारी पाणी प्याला. सगळ्यांनी ठरवून काम बंद ठेवायचं, म्हणाला, याला काय म्हणतात माहीत आहे तुम्हाला?

गजाननने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, नाही, नाही. त्याने पाहिली माझी मान.

"संप म्हंतेत साहेब."

आणि मग कोणी विचारलेलं नसताना म्हणाला, "माणूस मेला तं एक दिवस मशीन तुमी बंद ठेवाले पाह्यजे होती. तुमी नाही ठेवली. आमी ठेवली."

मग जबाबावर सही केली.

दोन वर्षं मी ज्या वाक्यासाठी घसा कोरडा केला ते या माणसाने बोलून दाखवलं, आणि बोलला कुठे तर जिथे बोलायचं नव्हतं नेमकं तिथे.

२७ फेब्रु., शुक्र.

गजाननला गेटवर अडवलं. ठेकेदार म्हणाला, माणसं जास्त झाली.

२८ फेब्रु., शनि.

वकीलबाई. कपाळाला हात लावला, पण ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, अजून वाट आहे. पुढच्या पेशीला माझा जबाब. त्यात सांगायचं की गजानन हा ठेक्याचा, अडाणी माणूस. तो स्वतःपुरतं बोलला, युनियनचा त्याच्याशी संबंध नाही, बाकी सगळे दुःखात गेले होते. तसं केलं की माझी नोकरी वाचेल, युनियनची नोंदणीही वाचेल. "आणि गजानन?" विचारलं. त्या कागद आवरत होत्या. म्हणाल्या, मी वकील आहे, मी वाट दाखवते.

उत्तर प्रामाणिक होतं. बाहेर येऊन बराच वेळ गाडी सुरूच केली नाही.

१ मार्च, रवि.

बैठक. या खेपेस सतरंजी पुरली नाही. सही केलेलेही आले, सरळ समोरच्या दारातून. गजाननला बोलावलं नव्हतं कोणी.

श्रावण म्हणाला, एकाच्या जिभेपायी सगळ्यायनं काहून मराचं? बरोबरच आहे. दुसरा म्हणाला, तो खोटं तं नाही बोलला. तेही बरोबर. मग सगळे एकदम बोलायला लागले. मी सगळ्यांचं ऐकलं. पूर्वी असं झालं की मी टेबल आपटायचो. आज नुसता बसून राहिलो. हीच माणसं बैठकीला येऊन भांडत नाहीत म्हणून मी कुढायचो. आता भांडतायत तर डोकं दुखतं.

मतदान नको म्हणाले. जबाब तुमचा, तुमीच ठरवा.

४ मार्च, बुध.

धुळवड. एरवी दिलीप यायचा कन्हानहून, अख्ख्या गल्लीला रंगवून जायचा. कोणी रंग घेऊन आलं नाही. मायाने माझ्या कपाळाला बोटभर गुलाल लावला आणि पुरणपोळी वाढली.

जेवताना तिने विचारलं, जबाबात काय सांगणार. माहीत नाही म्हटलं. खरंच माहीत नाही. दिवसभर स्वतःलाच जबाब देतो आहे. नुसतं मातीले गेलो होतो म्हटलं तरी खरं. संप केला म्हटलं तरी खरं. झाडाखाली घड्याळ पाहिलं तेव्हा मला काय वाटलं होतं, ते मलाच ठाऊक. आनंद झाला होता. दिलीपची चिता अजून पेटलेली आणि मला आनंद झाला, की अरे, कोणी उठत नाही.

हे कोणत्या कायद्यात बसतं?

५ मार्च, गुरु.

उद्या माझा जबाब.

संध्याकाळी गजानन आला. पहिल्यांदाच आत येऊन बसला. काम मिळालं का विचारलं. कन्हानकडे एका गोदामात हमाली आहे म्हणाला, कायमची नाही. पाणी दिलं. बैठकीचं त्याच्या कानावर गेलेलं दिसलं. बराच वेळ इकडचं तिकडचं. मग हळूच:

"सेक्रेटरी, तुमाले उद्या जे सांगाचं ते सांगा. माही चिंता नका करू. माहं तं झालंच आहे आता. एकच सांगून द्या मले. म्या चुकीचं बोललो का?"

त्याला सांगायचं होतं की वेळ चुकली तुझी, जागा चुकली, मी मानेने नाही म्हणत होतो ते तू पाहिलं होतंस. सगळं तोंडाशी आलं होतं.

"नाही गा," म्हटलं. "बरोबर बोलला."

तो बरं म्हणाला आणि चपला घालून गेला. उद्याच्या जबाबासाठी आतापर्यंत तरी माझ्याकडे हे एवढंच वाक्य आहे.